आधी एक फटाका, मग तीन

आम्ही वऱ्हाडातली सपाटीची माणसं. रेल्वे म्हणजे नाकासमोर जाणारे रूळ, हा आमचा समज इगतपुरी सुटली की मोडतो. कसारा घाटात दर ३७ फुटांमागे एक फूट उतार! एका अंगाला धुक्यात बुडालेली दरी, बोगद्यामागून बोगदा, आणि मध्येच गाडी थांबते. समोरच्या बाकावरच्या काकांनी वर डोंगराकडे चढत गेलेला फाटा दाखवला. ही कॅच सायडिंग. ब्रेक न लागता सुटलेली गाडी त्या चढावर घालून अडवायची. उतरणारी गाडी आधी इथे पूर्ण थांबून दाखवते, मगच तिला पुढची वाट मिळते. मी तर थक्कच झालो.

कसाऱ्याला लोकल धरली. उंबरमाळी मागे पडलं. २०२१ च्या जुलैत इथे पुराचं पाणी फलाटापर्यंत चढलं होतं. खर्डीला उतरलो तेव्हा पावसात समोरचा फलाट दिसेना, आणि त्या पावसात एक माणूस हातात दिवा घेऊन रुळांच्या कडेने निवांत चालत येत होता. पावसाळी गस्तीवरचा ट्रॅकमन. खांद्यावरच्या पिशवीत रुळावर लावायचे फटाके, चाकाखाली फुटून चालकाला थांबायचा इशारा देणारे.

"पुढे दरड दिसली तर?"

"गाडी येणार त्या अंगाला धावायचं, दादा. सहाशे मीटरवर एक फटाका. बाराशेवर तीन, दहा-दहा मीटर सोडून."

"आणि भीती?"

"वाटते ना. पण हात कामात असतात."

संकटात शांत राहणं हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग, असं मी समजत होतो. इथे ते मीटरमध्ये मोजून ठेवलेलं आहे. याच मार्गावर २९ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी नागपूर-मुंबई दुरांतो खर्डीवरून गेली आणि आसनगाव-वाशिंददरम्यान पावसाने वाहून आलेली माती तिच्या रुळांवर होती. लोको पायलटने तत्क्षणी आपत्कालीन ब्रेक लावला. इंजिन आणि नऊ डबे घसरले, पण जीव एकाचाही गेला नाही. त्या डब्यांत आमच्याकडचीच माणसं होती, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पावसाळ्यात या मार्गाने याल आणि गाडी मध्येच थांबेल, तेव्हा खाली उतरू नका. पुढे कुणीतरी आपलं काम करत असेल, त्याला ते करू द्या.