प्रसाद

मारहाणीला आपल्या मराठीत जितके गोड शब्द आहेत, तितके दुसऱ्या कशाला नसतील. ठाण्यात एखाद्याला ‘प्रसाद’ मिळतो, त्याचा ‘पाहुणचार’ होतो. ज्या पट्ट्याने हे सारे चालते त्याला पोलीसमंडळींनी ‘सत्यशोधक’ असे नाव ठेवले आहे. जोतीरावांच्या कानी ते गेले असते तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे!

आमचे सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याचे, कपाशीचे गाव. कपाशी वेचणीला यावी आणि दिवाळी यावी, असा आमच्याकडचा क्रम. मी तिसरीत असताना ऐन दिवाळीच्या तोंडावर आमच्या सालदाराला कापूसचोरीच्या संशयावरून एका ठाण्यात नेले. ठाणे कुठले ते इथे नको. दोन दिवसांनी तो परत आला. आजीने आंबेहळद उगाळून लावली. पाडव्याला पंगत बसली तेव्हा त्याला मांडी घालता येईना. मामा भिंतीला टेकून उभ्यानेच जेवला. “प्रसाद मिळाला म्हणायचा!” असे कुणीतरी म्हणाले, सगळे हसले, आणि मामाही हसला. त्याचे ते हसणे मात्र मला अजून सोसत नाही.

कायद्याची पुस्तके रुक्ष असतात म्हणतात, पण 1860 च्या भारतीय दंड संहितेतले 330 वे कलम एकदा वाचून पाहावे. कबुली काढण्यासाठी दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद; दुखापत जबर असेल तर पुढच्या कलमाने दहा वर्षांपर्यंत. आणि समजुतीसाठी दिलेले पहिलेच उदाहरण कुणाचे, तर गुन्हा कबूल करावा म्हणून माणसाचा छळ करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे! म्हणजे ज्याला आपण प्रसाद म्हणून हसलो, त्याला कायदा शंभराहून अधिक वर्षे गुन्हा म्हणत होता.

मग अडते कुठे? साक्षीत अडते. ठाण्याच्या चार भिंतींआड आरोपी पोलीस, साक्षीदार पोलीस, आणि स्टेशन डायरी लिहिणाराही पोलीसच. 26 मार्च 1972 च्या रात्री आमच्याच विदर्भातल्या देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा संमती असावी, असा तर्क! ठाण्यात ओरडून पोलिसांनाच बोलवायचे होते की काय? उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. बाया रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, की न्यायालयाने ती नव्हती असेच धरून चालावे, असे पुरावा कायद्यात 114-अ हे कलम आले. सिद्ध करण्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. माझ्या मते पोलिसांच्या बाबतीत आपल्याकडे झालेली ही सर्वांत शहाणपणाची दुरुस्ती.

तेच शहाणपण मारहाणीलाही लावा, असे विधी आयोगाने 1985 साली सुचवले. माणूस कोठडीत असताना त्याला इजा झाली असे दिसले, तर ती त्याला ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानेच केली असे धरून चालण्याची न्यायालयाला मुभा द्यावी. त्या कलमाचे नावही ठरले होते, 114-ब. पण ते कागदावरून काही उठले नाही.

1997 साली भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, मंजुरीची मोहोर मात्र अजून उठलेली नाही. 2010 च्या मे महिन्यात लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक संमत केले. त्यातही खटल्याआधी सरकारची परवानगी हवीच होती, आणि तक्रार सहा महिन्यांच्या आत हवी होती. (अंगावरचे वळ निघून भीती जायलाच माणसाला तेवढे दिवस लागतात.) राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेले आणि 2014 साली लोकसभेबरोबरच संपले. 2017 साली विधी आयोगाने नवा मसुदा दिला, सोबत 114-बची शिफारसही पुन्हा केली.

1 जुलै 2024 पासून जुना पुरावा कायदा जाऊन नवा अधिनियम आला. 114-अ तिथे वेगळ्या क्रमांकाने सुखरूप आहे. 114-बसारखे काही सापडते का म्हणून मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. नाही.