नर कोणता, मादी कोणती?

घरात मूल जन्मले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाळाची प्रकृती कशी आहे, बाळंतीण फार थकली आहे का, हे सारे मागाहून. आधी ‘काय झालं?’ आणि या ‘काय’चा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या बाहेरच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी आहे. तिच्यातल्या माशांविषयीही येणारा-जाणारा हाच प्रश्न करतो. चहाचा कप हाती घेऊन पाहुणा टाकीपुढे वाकतो, काचेवर बोट टेकवतो आणि विचारतो, “यातला नर कोणता हो?” मासा काय खातो, किती वर्षे जगतो, रात्री झोपतो की नाही, या गोष्टी त्याला नंतर आठवतात. पुष्कळदा आठवतही नाहीत.

हाच प्रश्न गप्पी माशांविषयी विचारला तर दुसरीतला मुलगाही उत्तर देईल. नराची शेपटी रंगीत पंख्यासारखी. मादी बिचारी राखाडी आणि पोटाने जड. पण मी इतकी वर्षे पाळीत आलो ते सिक्लिड कुळातले मासे, आणि या कुळाने माणसाला चकवण्याचा जणू विडाच उचलला आहे.

नाव परके वाटले तरी कूळ अगदीच परके नाही. त्यांचा मोठा पसारा आफ्रिकेतल्या सरोवरांत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या नद्यांत आहे हे खरे; पण उजनीच्या पाण्यात सापडणारी चिलापी याच घराण्यातली. तिची मोझांबिककडची जात १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. शिवाय गोव्याच्या खाड्यांतले कळुंदर तर मूळचे इथलेच. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला. माझ्या पत्नीचे माहेर गोव्याचे. टाकीतले मासे म्हणजे कळुंदराचे भाऊबंद, हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा तिने टाकीकडे ज्या नजरेने पाहिले ती शास्त्रज्ञाची नव्हती.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकलेची पदविका. प्राणिशास्त्राशी माझा संबंध फळ्यावर बेडकाची आकृती काढून देण्यापुरता. पण रेषा आणि रंग पाहण्याची सवय हाडीमासी मुरलेली, आणि सिक्लिडांच्या बाबतीत तीच उपयोगी पडते. साधारण नियम असा, की नर आकाराने मोठा, त्याच्या पाठीवरचा आणि पोटाखालचा पर मागे निमुळता होत टोकाला गेलेला, रंग भडक. मादी लहान, परांची टोके गोलसर, पोटाची रेषा भरलेली. हा नियम वहीत उतरवून घ्यावा आणि मग अपवाद मोजायला बसावे.

काळ्या पट्ट्यांमुळे ज्याला इंग्रजांनी कैद्याचे नाव दिले तो कॉन्व्हिक्ट मासा घ्या. इथे नर नुसताच पट्टेरी. पोटावर नारिंगी खवल्यांची झाक असते ती मादीच्या. नायजेरियाकडच्या क्रिबेन्सिसची मादी तर याहून नटवी. अंडी घालायचे दिवस आले की तिचे पोट डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल होते, आणि ती आपण होऊन नरापुढे जाऊन अंगाची कमान करून ते पोट दाखवते. पाहण्याचा कार्यक्रम तिकडे मुलगी ठरवते! या क्रिबेन्सिसची आणखी एक गंमत अशी, की पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निपजतात. ही माहिती आपल्याकडे चारचौघांत सांगण्याची सोय नाही. कुणीतरी लिंबू चिरायला घेईल.

मलावी सरोवरातल्या ऑराटस नावाच्या माशाची मादी पिवळीजर्द, तिच्यावर काळ्या रेघा. नर वयात आला की काळवंडत जातो. पण टाकीत त्याच्याहून दांडगा नर असेल तर हा आपला पिवळाच राहतो. काळा झाला की मार बसणार, हे त्याच्या अंगाला कळते. शिक्षकांच्या खोलीत मी असे काही पिवळे गृहस्थ वर्षानुवर्षे पाहिले आहेत. मुख्याध्यापक निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांचा रंग पालटला.

नर-मादी ओळखता आली तरी संसार जमेल असे नाही. माशांचे दुकानदार सोबतीचे तीन-चार नियम तोंडपाठ सांगतात, आणि ते खरे आहेत. जो दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो सोबती नव्हे, तो खाऊ. अंगठ्याएवढा ऑस्कर लोक गोजिरवाणा म्हणून नेतात. तो फूटभर होतो आणि तोवर बाकीची टाकी त्याच्या पोटात गेलेली असते. दुसरे म्हणजे पाण्याची चव. मलावीच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी हवे. ॲमेझॉनकडच्यांना हलके, किंचित आंबूस. दोघांना एकत्र ठेवणे म्हणजे कोकणातल्या सुनेला आणि वऱ्हाडातल्या सासूला एकच आमटी करायला सांगणे. मलावीच्या भांडकुदळ नरांवर तर तोडगा असा, की एका नरामागे चार माद्या ठेवायच्या आणि टाकीत थोडी दाटीच करायची, म्हणजे मार एकट्याला न बसता सगळ्यांत वाटला जातो. चाळीत राहिलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. आणि फ्लॉवरहॉर्न, तो कपाळावर मोठे टेंगूळ असलेला, १९९० नंतरच्या दशकात मलेशियाकडे संकरातून तयार झालेला मासा? घरात भरभराट येते म्हणून लोक त्याला हजारो रुपये देऊन आणतात. त्याला सोबतीच नको असतो. तो एकटा राहतो आणि आपल्या प्रतिबिंबाशी भांडतो.

आपल्याकडे पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तर उत्तम लग्न, आणि बोलण्यात छत्तीसचा आकडा म्हणजे हाडवैर. या दोन्ही अर्थांचा मेळ मला पत्रिकेत कधी लागला नाही. सिक्लिडांच्या जोडीत तो एकाच दिवशी पाहायला मिळतो. सकाळी एकमेकांचे ओठ धरून ओढाताण, संध्याकाळी एकाच पानाखाली.

आता राहिले एंजल मासे. चंद्रकोरीसारखे उभट, संथ, देखणे. यांच्यात नर-मादी बाहेरून ओळखूच येत नाहीत. ओळखतो म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे व्हावे. शहाणा दुकानदार सांगतो, सहा लहान पिल्ले न्या, एकत्र वाढवा, त्यांची ती जोडी जमवतील. मी तसेच केले. वर्षभरात दोघांचे जमले. ती दोघे बाकीच्या चौघांना कोपऱ्यात हाकलू लागली, तेव्हा त्या चौघांना मी दुकानात परत दिले. मग एका संध्याकाळी फिल्टरच्या उभ्या नळीवर अंड्यांच्या ओळी दिसल्या. दोघे आळीपाळीने परांनी वारा घालीत होते. माझी आई खुर्ची ओढून टाकीपाशी बसली.

तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा अंडी, पुन्हा तेच वारा घालणे, पुन्हा पांढरी. असे पाच वेळा झाले.

अंडी घालायच्या सुमारास एंजलांच्या पोटाखाली एक लहानशी नळी बाहेर आलेली दिसते. नराची बारीक, अणकुचीदार. मादीची जाड, बोथट. तेवढीच एक खूण. सहाव्या वेळी मी भिंग घेऊन बसलो, दोघांचीही नळी कागदावर मोठी करून काढली आणि ते चित्र दुकानदाराला नेऊन दाखवले. त्याने ते उजेडात धरले. “सर, चित्र झकास आहे,” तो म्हणाला, “पण दोन्ही माद्याच आहेत. एक आणून द्या, नर देतो. पैसे नकोत.”

रात्री जेवताना मी हे सांगितले. आई म्हणाली, “मग बदलून आण बाबा एक. घरात पिलावळ दिसली म्हणजे बरं वाटतं.”

आमच्या लग्नाला सतरा वर्षे झाली. आम्हाला मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, ते सारे आता मागे पडले आहे. आई त्या वाक्यात दुसरे काही म्हणत नव्हती, हे मला माहीत आहे. पत्नीलाही माहीत असावे. तिने आईच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “आई, दोघी एकमेकींना धरून आहेत. एकीला उचलून दुकानात ठेवायचं, ते कशासाठी? असू देत की.”

आई काही बोलली नाही. पानातला भात मात्र तिने बराच वेळ कालवला.

कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७३ साली नोबेल मिळाले, आपल्या १९४९च्या पुस्तकात एका सिक्लिड बापाची हकीकत लिहिली आहे. संध्याकाळी तो पिल्ले तोंडात धरून घरी नेत होता. तोंडात गांडूळ असतानाच त्याला चुकलेले पिल्लू दिसले आणि त्याने तेही तोंडात घेतले. क्षणभर तो थबकला. मग दोन्ही बाहेर टाकून त्याने आधी गांडूळ खाल्ले, पिल्लावरची नजर न हलवता, आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेले. ही गोष्ट मी आईला वाचून दाखवली. तिला फार आवडली. मग ती म्हणाली, “आणि आपल्या ह्या दोघी? यांना तर उचलायला कुणी नाही, तरी वारा घालतातच.”

दुकानदाराला मी नको म्हणून कळवले. त्याला जरा वाईट वाटले. फुकटचा नर कोण नाकारतो? सोबतीला तळाशी राहणारे चार कोरीडोरास तेवढे त्याच्याकडून आणले. गरीब मासे आहेत, पण अंडी असली की दोघी त्यांना एका कोपऱ्यात दाबून ठेवतात. आता पहाटे उठून दिवा लावायचे काम आईने आपल्याकडे घेतले आहे. स्वयंपाकघरात शिरता शिरता ती सुनेला विचारते, “घातली का गं?” आणि मग दोघी वाकून पाहतात.

परवा दिवाळीच्या साफसफाईत पत्नीने घर वरपासून खालपर्यंत झाडून काढले. टाकी तेवढी धुवायची राहिली आहे. नळीवर अंडी आहेत.