मी घरी नेलेला ताप

इंजिनिअरिंगचा पोरगा सबमिशन चुकवेल, पण पोळ्याची पुरणपोळी चुकवणार नाही. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगात कणकण होती, घसा धरलेला. रूम पार्टनर दोन दिवसांपासून खोकत पडला होता आणि आमच्या खोलीत पाणी प्यायला ग्लास एकच! तरी तापाची गोळी घेतली आणि कारंजा लाडची एसटी धरली. गाडी खच्चून भरलेली, पाऊस म्हणून खिडक्या बंद. मी सगळा रस्ता तळहातावर खोकत गेलो आणि त्याच हाताने दांडी धरत गेलो.

घरी पोचलो तेव्हा ताप १०३. गावातल्या डॉक्टरांनी फ्लू सांगितला. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम, बस. मी अँटिबायोटिक मागितले तर म्हणाले, "ते जिवाणूंवर चालते, हा विषाणू आहे." इंजेक्शन न देणारा डॉक्टर म्हणजे आमच्याकडे अर्धाच डॉक्टर, बाबा नाराजच झाले. निघताना त्यांनी बजावले, "गोळी न घेता ताप उतरून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत माणसांत यायचे नाही. आजीला तर जवळ येऊच देऊ नका."

आजी ७८ वर्षांची, त्यात शुगर. पण तिला दूर ठेवणार कोण? "तुले ताप आला अन् मी काय पाव्हन्यासारखी दूर बसू?" उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवायची, पदराने माझे नाक पुसायची. मीही नको म्हटले नाही. खरे सांगू, बरे वाटत होते.

त्या रात्री तिने मानमोडीची गोष्ट सांगितली, तिच्या आजीकडून ऐकलेली. एकाला पोचवून येईतो घरात दुसरा गेलेला असायचा. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, हे मी नंतर वाचले. जूनमध्ये तो मुंबईत आला, मग रेल्वेने देशभर पसरला. भारतात एक कोटीहून जास्त माणसे गेली. तेव्हा रेल्वेने नेला, मी एसटीने नेला.

तिसऱ्या दिवशी आजी तापली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि मी हादरलो. धापही लागली होती. करोनात घेतलेले ऑक्सिजन मोजायचे यंत्र कपाटातून काढून बोटाला लावले, ९१! रात्रीच गाडी करून वाशिमला नेले. ऑक्सिजन लावला, ओसेल्टामिवीर सुरू केली. ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत हे औषध सुरू झाले तर जास्त उपयोग होतो, तुम्ही वेळेत आणले, असे तिथले डॉक्टर म्हणाले. पाच दिवस दवाखान्यात होतो. त्या पाच दिवसांत बाबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आजी घरी आली, पण पूर्वीसारखी नाही. आता अंगण ओलांडले तरी टेकते.

आमच्या खोलीत आता ग्लास दोन आहेत. कुणाला ताप आला की खिडकी उघडी, तोंडाला रुमाल आणि मेसचा डबा वर खोलीत. पोरं हसतात, "आला डॉक्टर!" हसू देत.

दिवाळीला निघण्याआधी घरी फोन केला. नेहमी आजी विचारायची, कोणत्या गाडीने येतो. या वेळी म्हणाली, "खोकला हाये काय रे बापू?"

"नाही आजी."

"मंग ये."