डावी आणि उजवी

शिरूरच्या अत्तरवाल्याने दोन कुप्या पुढे ठेवल्या. दोन्हींवर एकच नाव, लॅव्हेंडर मस्क. रंग तोच, भावही तोच. दौंडला दिलेल्या धाकट्या बहिणीसाठी एक घ्यायची होती. त्याने एकीचा थेंब डाव्या मनगटाला लावला, दुसरीचा उजव्या. "चोळू नका. दौंडला जाऊन या, मग सांगा."

एसटी शिरूरबाहेर पडेपर्यंत दोघी जुळ्या बहिणीच होत्या. लॅव्हेंडर बोलघेवडं असतं. त्यातलं लिनालूल हलकं. अंगाची ऊब लागली की आधी तेच उडतं. न्हावऱ्यापर्यंत स्वभाव वेगळे झाले. डावी कडक, सडेतोड, जरा कापराकडे झुकणारी. उजवी लाघवी, गोडसर, येताजाता पदराला हात लावणारी. मला उजवी आवडली, हे कबूल करतो.

भीमेचा पूल ओलांडला. उसाचे फड सुरू झाले, गुऱ्हाळाच्या काहिलीतला गरम वास खिडकीतून आत आला आणि दोघी त्यात बुडाल्या. गुळापुढे कोणतं अत्तर उभं राहणार!

गूळ विरला तेव्हा लॅव्हेंडर गेलेलं होतं. उरला मस्क. मस्क म्हणजे आपली कस्तुरी; या शब्दाचं मूळही संस्कृत 'मुष्क'. आजच्या कुपीत मात्र हरणाचं काही नसतं. १८८८मध्ये आल्बर्ट बाऊर या जर्मन रसायनज्ञाला स्फोटकांवर काम करताना कस्तुरीच्या वासाचा पदार्थ सापडला आणि कस्तुरी प्रयोगशाळेत घडू लागली. कस्तुरीमृगाला आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. एका फायासाठी जीव घ्यावा लागत नाही, याचं मला मनापासून समाधान वाटतं. मस्कचे रेणू जड. ते सावकाश उठतात, म्हणूनच पाहुणे पांगल्यावर मागे राहून आवरणाऱ्या आत्याबाईंसारखा मस्क शेवटपर्यंत थांबतो.

चौफुल्याला गाडी बदलली. मनगट नाकाशी नेलं. उजवी होती. डावी नव्हती, पुन्हा हुंगलं, तरी नाही. मनात निकाल लागला.

दौंडला बहिणीने पाण्याचा तांब्या हातात दिला आणि थबकली. "दादा, काय लावलंयस? किती छान!" मी उजवा हात पुढे केला. तिने मान हलवली, डावा ओढून घेतला आणि डोळे मिटून हुंगला. "हा. आजीच्या पेटीतल्या शालीसारखा."

काही नाकांना मस्कचे काही रेणू लागतच नाहीत. बाकी सगळे वास येतात, तेवढाच येत नाही. डावी चौफुल्याला उतरली नव्हती. ती दौंडपर्यंत माझ्या हातावर बसून आली होती.

परतताना शिरूरला डावी घेतली. आता दौंडच्या त्या घराचं दार उघडलं की सगळ्यांना ती आधी भेटते. मला अजूनही भेटत नाही.