काटा शंभरावर: डीपी गेजला अनावृत पत्र

डीपी गेज यास,


तुला पत्र लिहायचं कुणाला सुचत नाही. तुझ्याकडे बघतात ते शिफ्टमध्ये एकदा, लॉगशीटचा रकाना भरण्यापुरतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांत बॅग फिल्टरच्या अंगाला तू चिकटलेला असतोस. नशीब चांगलं असेल तर डोळ्यांच्या उंचीवर, नाहीतर शिडीशिवाय दिसणार नाहीस अशा जागी. काचेवर धुळीचा थर. आणि रकान्यात १००, १००, १००. महिनोन् महिने एकच आकडा असलेली लॉगशीट हातात आली की फिल्टरच्या तब्येतीबद्दल काही कळत नाही, पेन नीट चालतं एवढं कळतं.

काम तुझं सरळ आहे. कापडी पिशव्यांच्या धुळीच्या बाजूला एक नळी, स्वच्छ बाजूला दुसरी, आणि दोन्हीकडच्या दाबातला फरक तू पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवायचा. पिशव्या मुरल्यावर ७५ ते १५० च्या दरम्यान कुठेतरी काटा असला की बहुतेक ठिकाणी सगळे निर्धास्त. त्यावर गेलास की धावपळ सुरू होते. सोलेनॉइड अडकला का, कॉम्प्रेसरची हवा कमी पडते का, हॉपर रिकामा केला होता का? चढलेल्या काट्याला वाली पुष्कळ आहेत. उतरलेल्या काट्याकडे कुणी बघत नाही, आणि माझं गाऱ्हाणं तेच आहे.

काटा खाली आला की ‘फिल्टर हलका चाललाय’ म्हणून लोक खूश होतात. अरे, फाटक्या पिशवीतून हवा हलकीच जाणार! त्यातही शंभर-दीडशे पिशव्यांतली एखादीच फाटली तर तू जागचा हलतही नाहीस. ती शोधायची तर चिमणीत धुळीच्या कणांचा विद्युतभार ओळखणारा प्रोब लागतो, किंवा चमकणारी पावडर आत सोडून, स्वच्छ बाजूचं झाकण उघडून, अतिनील दिव्याच्या उजेडात कुठली पिशवी गळते ते बघावं लागतं. ते तुझं काम नव्हे. तुझ्यावर ते लादणाऱ्यांची चूक आहे.

बरं, तुला खाली ठेवण्याच्या नादात पिशव्या जास्त झाडणारेही आहेत. ५-६ किलोच्या हवेचा झटका, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा. टायमर जवळजवळ आणला की काटा छान उतरतो. पण बारीक धूळ अडवतं ते नुसतं कापड नाही, कापडावर बसलेला धुळीचाच पातळ थर अडवतो. तोच सारखा उडवला तर बारीक कण कापडात घुसतात, पार निघतात, आणि पिशवी पिंजऱ्यावर आपटून आपटून लवकर झिजते. काटा वर चढल्यावरच झाडणारा कंट्रोलर बाजारात मिळतो. तुझ्यासारख्याच्याच सांगण्यावर चालतो तो. पण टायमर फुकट आलेला असतो ना.

आता मुख्य गोष्ट. नॉकआऊटवर साचा फुटतो, गरम वाळूची धूळ उठते, ती वरच्या हूडनं ओढून घ्यायची असते. वाळूसोबत बेंटोनाइट आहे, कोळशाची पूड आहे, आणि ओल्या वाळूची वाफ. ही वाफ थंड डक्टमध्ये जाऊन भिंतीला पाणी धरते, त्यावर धूळ बसते, तिचा गिलावा होतो. गगनबावड्याकडून ढग आले की पुढचे तीन महिने हे जोरात चालतं. अशा धुळीला डक्टमध्ये सेकंदाला १८-२० मीटर वेग हवा. त्याखाली ती वाटेतच बसते, डक्ट अरुंद होतो, हवा आणखी घटते. कमी हवा म्हणजे पिशव्यांवर कमी ताण, म्हणजे तू निवांत. वर पिशव्या थोड्या चोंदलेल्या असल्या तर दोन बिघाड एकमेकांना झाकतात आणि काटा बरोब्बर शंभरावर.

चिमणीचीही तीच कथा. सॅम्पलिंगवाले येतात, चिमणीत नळी घालून धूळ मोजतात, इंडक्शन भट्टीला घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, रिपोर्ट त्याच्या बराच आत येतो. येणारच. हूडनं धूळ ओढलीच नाही तर चिमणीतून बाहेर पडणार कुठून? हूड जितका निकामी, तितकी चिमणी गोरी. न ओढलेली धूळ नॉकआऊटवरच्या माणसाच्या छातीत जाते, आणि तिथे ना तू आहेस ना सॅम्पलिंगची नळी.

ती धूळ साधी नाही. वाळू म्हणजे सिलिका, आणि छातीत खोल जाणारे तिचे कण डोळ्यांना दिसतही नाहीत. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९७ साली ती श्वासावाटे जाणं पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांत, टाकलं. या धुळीनं होणारा सिलिकोसिस १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात होता, तो कायदा २०२५ मध्ये जाईपर्यंत. रोगी सापडला तर कळवणं आजही बंधनकारक आहे. प्रत्यक्षात खोकणाऱ्या कामगाराला टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि वर्षं निघून जातात.

म्हणून माझं म्हणणं, तुझ्यावरचा भार थोडा कमी करावा. तुझ्या रकान्याशेजारी पंख्याच्या मोटरचे अँपिअर लिहावेत. नेहमीच्या पंख्यांत हवा घटली की अँपिअर उतरतात, आणि तू शंभरावर असताना ते उतरले असतील तर कुठेतरी डक्ट धरलेला आहे. महिन्यातून एकदा हूडच्या तोंडाशी वाऱ्याचा वेग मोजावा. हूड जवळ हवा, हेही सांगायला हवं: तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढ जेमतेम दहा टक्के उरते. क्रेनला आड येतो म्हणून हूड हातभर वर उचलून बांधणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. क्रेन थांबली तर मालक ओरडतो, एवढंच.

काचही पुसतो म्हणालाय फिटर.

तुझा,
एक मेंटेनन्सवाला

ता.क. पंखा बंद झाल्यावर तू शून्यावर येतोस का, ते शनिवारी बघणार आहोत. नाही आलास तर नळ्यांत ओली धूळ बसली असं समजून त्या हवेनं फुंकून घेऊ. पण आधी तुझ्यापासून सोडवूनच. कॉम्प्रेसरची हवा थेट तुझ्यात गेली तर आतला पडदा फाटायचा, आणि नव्या गेजची इंडेंट मंजूर होईपर्यंत रकान्यात पुन्हा १००.