पहिली वही

चिरंजीव परदेशी स्थायिक झाले म्हणजे आईबापांनी उतारवयात समुद्र ओलांडून चार-सहा महिने त्यांच्याकडे राहून यावे, हा प्रघात आता आपल्या घराघरांत रूढ झाला आहे. त्यास अनुसरून आम्हीही न्यू जर्सीतील एका लहानशा गावी राहून आलो. मुलगा व सूनबाई सकाळीच कामावर जात, नातवंडे शाळेत. मग दिवस कसा कंठावा, हा प्रश्न उरे. तो सोडविला शेजारच्या एका वृद्ध इटालियन गृहस्थांनी. परसातले टोमॅटो कुंपणावरून देता-घेता ओळख झाली, आणि तिचे पर्यवसान असे झाले की, त्यांच्या इटालियन सभेच्या वार्षिक भोजनाचे आमंत्रण आम्हां सर्वांस आले. आम्ही मांसाशन करीत नाही हे लक्षात ठेवून त्यांनी आमच्यापुरते चणे घातलेले पास्त्याचे कालवण निराळे शिजवविले होते. घरापासून दूर असता अशा अगत्याचे मोल विशेष जाणवते.

सभेचे दालन साधेच होते. भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, कोपऱ्यात मिरवणुकीचे निशाण आणि काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या जुन्या वह्या. परमुलखात माणसे एकत्र येतात ती सणवार, गाणी व पक्वान्ने यांच्या ओढीने, असा आमचा समज होता. यजमानांनी तो दूर केला. "आमची सभा गाण्यासाठी निघाली नाही, प्रेतासाठी निघाली," ते म्हणाले. त्यांचे आजोबा दक्षिण इटलीतून मजुरीस आले होते. बरोबरचा एक गवंडी कामावरून पडून वारला आणि त्यास मूठमाती देण्यापुरताही पैसा कोणाच्या गाठीस नव्हता. त्या रात्री गावकरी एका तळघरात जमले व प्रत्येकाने दरमहा काही नाणी काढून ठेवण्याचे ठरविले. आजारी पडेल त्यास त्यातून मदत, मरेल त्यास मानाने निरोप; एवढाच त्या सभेचा उद्देश.

ही कथा त्या एका गावाची नव्हे. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेत आली, आणि जेथे जेथे ती वसली तेथे तेथे अशा परस्परसाहाय्याच्या सभा निघाल्या. मात्र प्रत्येक सभा आपापल्या गावापुरती! इटलीचे एक राज्य झाले तेच मुळी १८६१ साली. तेव्हा सिसिलीच्या मनुष्यास उत्तरेकडील माणसाची बोली धड समजत नसे. आपल्या गावच्या घंटेचा नाद पोहोचेल तेवढाच आपला देश, या वृत्तीस त्यांच्या भाषेत घंटेच्या मनोऱ्यावरूनच नाव पडले आहे. हे ऐकून आम्ही हसलो खरे; परंतु आपल्याकडे चित्पावन, कऱ्हाडे व देशस्थ यांनी आपापल्या ज्ञातीपुरत्या काढलेल्या निरनिराळ्या संस्था आठवल्या आणि ते हसू ओठांतच विरले.

या मनोऱ्यांच्या भिंती ओलांडण्याचा मोठा उद्योग १९०५ सालच्या जून महिन्यात न्यूयॉर्क शहरी सुरू झाला. सिसिलीहून आलेले डॉक्टर विन्चेन्झो सेल्लारो यांनी 'इटलीचे पुत्र' या नावाचा संघ स्थापिला. त्यांच्या सोबतीस पाच जण होते : एक औषधविक्रेता, एक वकील, एक शिल्पकार आणि दोन न्हावी. डॉक्टर व वकील यांच्या मांडीला मांडी लावून न्हावी बसलेले! १९०५ साली आमच्या आजोबांच्या ओसरीवर हे घडले असते काय, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. उत्तर देण्याची गरज नाही. सर्वांस एकत्र बसविले ते सर्वांच्या वाट्यास आलेल्या तिरस्काराने. १८९१ च्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांचे प्राण घेतले, तेव्हा कोण कोणत्या गावचा याची विचारपूस कोणी केली नव्हती.

पुढे १९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची वार्षिक मर्यादा चार हजारांच्याही आत आणली. देशवार मर्यादेची ही पद्धत रद्द झाली ती १९६५ साली, आणि तीसाठी जी अनेक मंडळी खटपट करीत होती त्यांत इटालियन संस्थाही होत्या. त्याच उघडलेल्या दारातून पुढे आपली मुले तिकडे गेली. म्हणजे त्या दिवशीच्या चण्यांच्या कालवणाखेरीज आणखीही एक ऋण आमच्या शिरावर होते, आणि त्याची आम्हांस आजवर वार्ता नव्हती.

भोजनोत्तर यजमानांनी कपाट उघडून वह्या दाखविल्या. आरंभीच्या वह्यांत सुबक, तिरक्या वळणाचे इटालियन अक्षर. ते चालत चालत १९४२ च्या आरंभी येते आणि एका पानावर थांबते. पुढल्या पानापासून, त्याच चिटणिसाच्या हातचे, इंग्रजी सुरू होते. कारण उघड होते. इटलीशी युद्ध जुंपले होते. अमेरिकेचे नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे सहा लाख इटालियनांस शत्रुराष्ट्राचे रहिवासी ठरविण्यात आले होते, आणि शत्रूची भाषा बोलू नका असे फलक भिंतींवर झळकत होते. १२ ऑक्टोबर १९४२ रोजी तो शिक्का पुसण्याची घोषणा झाली. परंतु वहीतली भाषा परतली नाही.

१९३५ पासून सरकारी निवृत्तिवेतनाची सोय झाली, नंतर विमे आले, आणि मदतीचा फंड हळूहळू अनावश्यक झाला. अशा कित्येक सभा तेथेच मिटल्या. ही मात्र तगली, वाढली. नातवंडे-पतवंडे आपले मूळ शोधीत तिच्याकडे वळली. नवल असे की, संस्था वाढत गेली आणि भाषा आटत गेली. २००० सालच्या खानेसुमारीत आपले मूळ इटालियन म्हणून सांगणारे सुमारे १ कोटी ५७ लाख भरले. घरी ती भाषा बोलणारे जेमतेम १० लाख. "या पहिल्या वहीत काय लिहिले आहे?" आम्ही विचारले. वृद्ध गृहस्थ खिन्नपणे म्हणाले, "कोणास ठाऊक! ती वाचू शकणारा आमच्यात आता कोणी उरला नाही."

परतताना मोटारीत आम्ही या दैवदुर्विलासावर बरेच काही बोललो. मराठी मंडळांनी यापासून धडा घ्यावा, मुलांशी घरी मराठीतच बोलावे, असा उपदेशही केला. सूनबाई निमूट ऐकत होत्या. तोच नातू मागच्या आसनावरून म्हणाला, "आजोबा, आपल्या पुण्याच्या घरी आहे का अशी वही?" आम्ही अभिमानाने सांगितले की, आहे तर! आमच्या पणजोबांचे अख्खे दप्तर माळ्यावरच्या पेटीत आहे. "मग त्यात काय लिहिले आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. ते दप्तर मोडीत आहे आणि आम्हांस मोडीचे एक अक्षरही लावता येत नाही. आमच्या तीर्थरूपांस येत असे. त्यांनी एकदोनदा शिकविण्याची तयारी दाखविली होती. आम्हांस तेव्हा परीक्षेची घाई होती. आमच्यावर कोणतेही युद्ध कोसळले नव्हते, कोणी फलक लावले नव्हते. आमचे पान आम्हीच उलटले होते.

पुण्यास परतल्यावर आम्ही मोडीच्या वर्गास जाऊ लागलो. बहुतेक विद्यार्थी आमच्या नातवंडांच्या वयाचे. वर्षभराच्या खटपटीनंतर दप्तरातील एक चोपडी अडखळत लावली. सनदा, वतने असे काही निघेल अशी आशा होती. निघाली ती यादी : आमच्या घरी वार लावून जेवणाऱ्या मुलांची. कोणता मुलगा कोणत्या वारी, आणि एका नावापुढे टीप, की हा तापाने आजारी, याची पेज त्याच्या बिऱ्हाडी पोहोचवावी.

हे सारे आम्ही न्यू जर्सीच्या शेजाऱ्यांस लिहून कळविले. त्यांचे उत्तर मागल्या आठवड्यात आले. सभेने ठराव करून इटालियन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीस उन्हाळ्यात बोलाविले आहे. ती पहिली वही सर्वांस वाचून दाखविणार आहे. त्या रात्री तळघरात कोण कोण जमले होते ते आम्हांसही अवश्य कळवावे, असे आम्ही उलट टपाली लिहिले आहे.