शमा जरा जवळ आणा

गोरेगावात धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आम्हाला मोबाइलवरचं एक चित्र दाखवलं. गडद डाळिंबी पडदे, जांभळी फुलं आणि मेणबत्त्याच मेणबत्त्या. "आपा, मेरे कू ऐसाच होना." अम्मी चिडली. "शादी के घर में इत्ता अंधेरा? लोगां बोलेंगे, बिल नहीं भरे."

हिंगोलीच्या डेकोरेशनवाल्याचा आकडा ऐकून अब्बा भावासाठी राखून ठेवलेलं सोयाबीन विकायला निघाले. आम्ही त्यांना थांबवलं. शैक्षणिक साधनं आधी घरात शोधावीत, असं बी.एड.ला शिकलो होतो. अम्मीची पेटी उघडली. आत तिची डाळिंबी साडी, मोरपंखी दुपट्टे आणि नानीची औरंगाबादची हिमरू शाल. हिमरूत सुताबरोबर रेशीम असतं. ज्योत हलली की तेवढी नक्षी चमकते. पहिल्या रात्री सगळं टांगून पाहिलं, तर गडद रंगांनी उजेड पिऊनच टाकला. मग मेणबत्त्यांमागे पितळी पराती उभ्या केल्या, खाली वाळू ठेवली, कापड पेटू नये म्हणून वर कंदिलाच्या काचा घातल्या. आता चित्र जमलं.

नानी म्हणाली, यात नवं काय? तिच्या लग्नात गावात वीज नव्हती. निकाहनंतर जलवा. लाल दुपट्ट्याखाली नवरा-नवरी, मध्ये कुराण शरीफ आणि आरसा. आरशात एकमेकांचं तोंड पाहायचं. कुणीतरी शमा जवळ धरलेली. "एक मुंह दिखे, उत्ताच उजाला." धाकटीला हवं होतं ते आमच्याच दख्खनी घरात होऊन गेलं होतं.

निकाहच्या संध्याकाळी वकील आणि दोन गवाह कागद घेऊन आत आले. धाकटीनं पेन उचललं. आम्ही शमा कागदाजवळ आणली. मेहरच्या रकमेपुढे एक शब्द होता. उर्दूत असे दोन शब्द आहेत, बोलताना दोन्ही 'मुअज्जल'च ऐकू येतात. ऐननं लिहिला तर मेहर तात्काळ देय. वाव-हमजानं लिहिला तर पुढे कधीतरी. देवनागरीत तर हा फरक दिसतच नाही. बोलणीत नगद ठरलं होतं. कागदावर वाव होता. चुकून की सवयीनं, अल्ला जाणे.

अम्मीच्या निकाहनाम्यातही वावच आहे. तिची मेहर आजवर तिला मिळाली नाही. तिनं मागितलीही नाही.

आम्ही वावावर बोट ठेवलं. उर्दू शाळेत शिकलेल्या धाकटीला अधिक सांगावं लागलं नाही. तिनं पेन खाली ठेवलं. "ऐन लिखो, फिर दस्तखत करती." बायकांत कुजबुज झाली. एक खाला म्हणाली, "ऐसी घडी में हिसाब?" आमचे हात कापत होते, वऱ्हाड परत गेलं तर? तेवढ्यात अंधारावर चिडलेली अम्मीच दुसरी मेणबत्ती घेऊन आली आणि कागदाशेजारी ठेवून म्हणाली, "अब बराबर दिखता. लिखो."

बाहेर निरोप गेला. नवरदेवानं ठरलेली रक्कम लगेच पाठवली. शब्द दुरुस्त झाला, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, मग जलवा झाला. आरशात धाकटी हसली, ते आम्ही पाहिलं.

वाचकहो, घरातला निकाहनामा एकदा पेटीतून काढा आणि उजेडात धरून वाचा. ऐन आहे की वाव?